सलग राहण्याचा हिशेब

मंडळी, गेले दोन शनिवार इथे काही उमटलं नाही. मी सध्या पवनानगरला आहे. कामशेतहून आत वळून बेडसे लेण्यांचा फाटा मागे टाकला की पुढे धरणाशी लागतं ते पवनानगर. जुनी माणसं अजून ‘काले कॉलनी’च म्हणतात, कारण धरणाच्या वेळी शेजारच्या काले गावाजवळ ही वसाहत पडली. घरात रेंज येत नाही म्हणून गच्चीवर बसून लिहितोय. एकीकडे तिकोना, दुसरीकडे पाण्याच्या वर डोकं काढलेला तुंग. बसायला जागा झकास आहे, लिहायला मात्र वाईट. लक्ष लागत नाही.

जानेवारीत आई मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, तळेगावला ऑपरेशन झालं. ९ जानेवारीला मी येऊन पोचलो, तो आज १२७ वा दिवस. दिवस असे तोंडपाठ असण्याचं कारण म्हणजे नोव्हेंबरात मी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज भरलाय. मुलाखतीचं पत्र अजून यायचंय. आणि अर्ज भरल्यापासून शपथ घेईपर्यंत माणूस देशाबाहेर किती दिवस राहिला, हे तिथे फार बारकाईने बघतात.

ज्यांना या भानगडीत पडावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रीनकार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षं ‘सलग’ राहावं लागतं. त्यातले निदान अर्धे दिवस, म्हणजे ३० महिने, देह अमेरिकेच्या हद्दीत असावा लागतो. मधे जायला-यायला बंदी नाही. पण एका फेरीत सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की तुमचा रहिवास तुटला असं धरून चालतात, आणि तो तुटला नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. नोकरी तिथेच आहे, बायको-पोरं तिथेच आहेत, घर तिथेच आहे, असे कागद लावायचे. वर्षाच्या वर राहिलात तर बहुतेकांच्या बाबतीत बोलणंच खुंटलं. पाटी कोरी. आणि हे सगळं अर्ज भरल्यानंतरच्या फेऱ्यांनाही लागू आहे.

माझे १८० दिवस ८ जुलैला भरतात.

मी पेशाने कोडकाम्या. कुठलाही नियम दिसला की हा आकडा कोणी, कधी आणि कशासाठी टाकला, असं डोक्यात येतंच. जुन्या प्रोग्रॅममधे एखादी विचित्र अट दिसली की बहुधा तिच्यामागे कुठलातरी जुना अपघात असतो. इथेही तसंच निघालं. आईला दुपारी झोप लागली की मी वाचत बसायचो. त्यातून हा लेख.

१७९० साली अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला तेव्हा दोन वर्षांचा रहिवास पुरत होता. १७९५ ला पाच वर्षं झाली, १७९८ ला घाबरून एकदम चौदा केली आणि १८०२ ला परत पाच. तोवर ‘बाहेर गेलात तर काय’ याबद्दल कोणी डोकं खाल्लं नव्हतं. मग १८१३ उजाडलं. त्या वर्षी ३ मार्चला जो कायदा झाला त्यातली अट वाचून मी गच्चीवर एकटाच हसलो. अर्जाच्या आधीची सलग पाच वर्षं माणसाने अमेरिकेत राहिलेलं असावं, आणि त्या पाच वर्षांत कधीही, कुठल्याही क्षणी, तो देशाच्या हद्दीबाहेर गेलेला नसावा. शब्दशः लावायचं तर नायगाऱ्याचा धबधबा पलीकडच्या काठावरून बघून आलात तरी पाच वर्षं बुडाली!

गंमत पुढेच आहे. हा मुळात परदेशी लोकांच्या रहिवासाचा कायदाच नव्हता. तो होता जहाजांवरच्या खलाशांचा कायदा. तेव्हा इंग्लंडशी युद्ध चालू होतं आणि भांडणाचं एक मोठं कारण खलाशी हेच होतं. इंग्रजांचं आरमार भर समुद्रात अमेरिकन जहाजं थांबवायचं आणि ‘हा तर आमचा माणूस’ म्हणून खलाशी उचलून न्यायचं. अमेरिकेने त्याला नागरिकत्व दिलं असलं तरी इंग्रजांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी राजाची प्रजा म्हणून जन्मला तो मरेपर्यंत राजाचीच प्रजा (हे खूळ त्यांनी कायद्याने सोडलं ते १८७० ला). मग अमेरिकेने म्हटलं, ठीक आहे, युद्ध संपलं की आम्ही आमच्या जहाजांवर फक्त आमचे नागरिकच ठेवू, आणि परक्या खलाशाला नागरिक होणं अवघड करू. खलाशाचं आयुष्यच पाण्यावर, तो पाच वर्षं किनाऱ्यावर बसणार कसा? म्हणजे ही अट खलाशांसाठी टाकलेली मेख होती. पण कायद्याच्या भाषेत ‘कोणीही व्यक्ती’ असं लिहिलं गेलं आणि ती शिंप्याला, सुताराला, व्यापाऱ्याला, सगळ्यांनाच बसली.

आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते सांगायला नको. एका गिऱ्हाइकासाठी घाईत केलेली दुरुस्ती सगळ्यांच्या मशीनवर चढवली, आणि मग ती काढायची कोणाला आठवण राहिली नाही. ती काढली १८४८ साली. पस्तीस वर्षांनी. त्या पस्तीस वर्षांत आयर्लंडमधली किंवा जर्मनीतली किती म्हातारी माणसं पोराची वाट बघत गेली असतील, त्याची नोंद कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात सापडायची नाही.

१८४८ नंतर ‘सलग’ हा शब्द मागे राहिला, पण सलग म्हणजे किती सलग, ते ज्याच्या त्याच्या न्यायाधीशावर. १९०६ च्या कायद्याने सगळ्या देशात एकसारखी पद्धत आणली. आधी ‘मला नागरिक व्हायचंय’ अशी घोषणा नोंदवायची, मग निदान दोन आणि जास्तीत जास्त सात वर्षांनी खरा अर्ज. बाहेरच्या दिवसांचं गणित मात्र १९२९ साली कायद्यात आलं. सहा महिने आणि एक वर्ष, हे दोन्ही आकडे तिथले. अर्धे दिवस देह आत असावा ही अट त्यानंतरची, १९५२ ची. म्हणजे माझ्या ८ जुलैचं मूळ १९२९ मधे आहे, आणि त्याच्याही मागे इंग्रजांनी उचलून नेलेले खलाशी.

आता या सगळ्यात आपली माणसं कुठे होती? खरं सांगायचं तर १९२९ चा हा नियम आपल्याला लागू झाला असता तर आपण पेढे वाटले असते. कारण तेव्हा आपल्याला अर्जच करता येत नव्हता.

१७९० च्या कायद्यातला ‘मुक्त गोरा माणूस’ हा शब्दप्रयोग दीडशेच्या वर वर्षं टिकला. गोरा म्हणजे नेमका कोण, यावर तिथल्या कोर्टांनी जो खल केलाय तो वाचताना हसावं की रडावं कळत नाही. मुंबईचे भिकाजी बलसारा नावाचे पारशी गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले आणि १९१० साली तिथल्या अपील न्यायालयाने पारशी गोरे आहेत असं मान्य केलं. १९१४ ला लॉस एंजलिसच्या कोर्टाने सखाराम गणेश पंडित यांना नागरिकत्व दिलं. पंडित पुढे तिथेच वकील झाले. आणि १९२३ मधे भगतसिंग थिंद यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला तेव्हा थिंद यांच्या बाजूने हेच पंडित होते. थिंद अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला शीख माणूस. १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला: सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा, आणि हिंदुस्थानी माणसाला सामान्य माणूस गोरं म्हणत नाही. संपलं.

निकाल एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण सरकारने मागे वळून ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात केली. खटला हरलेल्या वकिलावरच, म्हणजे पंडितांवरही दावा लावला. पंडितांचं म्हणणं फार व्यवहारी होतं. मी या नागरिकत्वाच्या भरवशावर वकिली सुरू केली, घर घेतलं, अमेरिकन बाईशी लग्न केलं. ते गेलं तर माझा धंदा जाईल आणि बायकोचंही नागरिकत्व जाईल. (हे खरंच होतं. नागरिक व्हायला ‘अपात्र’ असलेल्या परदेशी माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व तेव्हा कायद्याने जायचं. तारकनाथ दासांच्या पत्नी मेरी दास यांचं असंच गेलं. त्यांनी १९२६ साली ‘नेशन’ साप्ताहिकात त्यावर लेखही लिहिला होता.) १९२६ मधे अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. एकदा कोर्टाने निवाडा केला, तेव्हा सरकारने अपील केलं नाही, आता तोच विषय परत उकरता येणार नाही, एवढाच मुद्दा. गोरं-काळं यावर एक शब्द नाही.

त्या यादीत एक नाव दिसलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. शंकर लक्ष्मण गोखले. जनरल इलेक्ट्रिकमधे, स्केनेक्टडीला, इंजिनिअर. लोखंडाचं चुंबकत्व हा त्यांचा विषय. विजेच्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेच्या अंकांत त्यांचे निबंध आहेत, आणि समीकरणं बघून मी पान उलटलं. :) आता विचार करा. एच-१ वगैरे शब्द जन्माला यायच्या कित्येक दशकं आधी एक गोखले न्यूयॉर्क राज्यातल्या कंपनीत चुंबकाची वक्ररेषा काढत बसलेले आहेत, आणि सरकार त्यांच्यावर दावा लावतंय की तुमचं नागरिकत्व चुकून दिलं गेलं, परत करा. १९२८ साली अपील न्यायालयात गोखले हरले. ज्या न्यायालयाने अठरा वर्षांपूर्वी बलसारांना गोरं ठरवलं होतं, तेच हे न्यायालय. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी निकाल फिरला. पंडितांच्या खटल्यानंतर सरकारकडेही लढायला फारसं काही उरलेलं नव्हतं.

एडिसनच्या आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला दरवर्षी ‘अमेरिकेतली मराठी पावलं’ छापाचं भाषण होतं. त्यात आनंदीबाई जोशी असतात आणि असाव्यातच. गोखले मी कधी ऐकले नाहीत.

प्रवासाचं काय, असं तुम्ही म्हणाल. तेच तर. ज्यांचं नागरिकत्व गेलं त्यांचा पासपोर्टही गेला. वैष्णोदास बगई पेशावरहून १९१५ साली बायको आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले, दुकान थाटलं, १९२१ ला नागरिक झाले. इंग्रजांच्या राज्यात राहायचं नाही म्हणून देश सोडलेला माणूस, गदर चळवळीशी जोडलेला. थिंद निकालानंतर त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. मग हिंदुस्थानात जाऊन यायचं म्हणून पासपोर्ट मागितला, तर अमेरिकन पासपोर्ट नाकारला. म्हणजे जायचं तर ज्यांना कायमचं सोडून आले त्या इंग्रजांचाच पासपोर्ट घ्यायचा. १९२८ च्या मार्चमधे त्यांनी एका भाड्याच्या खोलीत गॅस सोडून जीव दिला. मागे वर्तमानपत्रासाठी चिठ्ठी ठेवली होती, ती छापून आली. त्यांची पत्नी कला बगई तिथेच राहिल्या, मुलांना वाढवलं. आता बर्कलीत एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांची गोष्ट कमी नाट्यमय, पण मला जास्त जवळची वाटली. त्यांच्यापैकी बहुतेकांना कधी नागरिकत्व मिळालंच नव्हतं. १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी आशियातून येण्याचे दरवाजे लावून घेतले. एकदा गावी गेलो आणि परत आत घेतलं नाही तर? त्या धाकाने माणसं वीस-वीस, तीस-तीस वर्षं गेलीच नाहीत. २ जुलै १९४६ ला ट्रुमननी सही केली आणि हिंदुस्थानी माणसाला नागरिक होता यायला लागलं. नव्याने येणाऱ्यांसाठी कोटा होता वर्षाला शंभर. दलीपसिंग सौंद १९२० मधे घर सोडून गेले होते. १९४९ ला नागरिक झाले, १९५६ मधे अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले, आणि गावी पहिल्यांदा गेले ते १९५७ ला, खासदार म्हणून. सदतीस वर्षं. सत्कार झाले, हार पडले. पण सदतीस वर्षांनी गावात ओळखीची किती दारं उघडी असतात?

आपले पांडुरंग खानखोजे यांची तऱ्हा आणखी वेगळी. वर्ध्याकडचा हा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बाहेर पडला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर पक्षाच्या उभारणीत होता, महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढला आणि शेवटी १९२४ मधे मेक्सिकोला पोचला. चापिंगोच्या शेती महाविद्यालयात प्राध्यापक, मक्याच्या जातींवर काम, दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात चेहरा. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी भारतात यायचा अर्ज केला तेव्हा व्हिसा नाकारला गेला. कारण काय, तर इंग्रजांनी केलेली काळी यादी स्वतंत्र भारताच्या दफ्तरात तशीच पडून होती आणि तीत यांचं नाव होतं! ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्या यादीमुळे, ज्यांच्यासाठी लढला त्यांनी अडवलं. पुढे ती चूक सुधारली. १९४९ ला ते येऊन गेले आणि १९५५ ला कायमचे परतले. नागपूरला १९६७ साली वारले. जुना डेटा नव्या सिस्टिममधे न तपासता चढवला की काय होतं याचं याहून वाईट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

असो. नुसतं अमेरिकेला नावं ठेवून चालणार नाही. आपल्याकडे उलट्या दिशेने येणाऱ्याचं काय होतं तेही बघू.

इथून डोंगरापलीकडे कार्ल्याचं लेणं. एकवीरेला जाताना सगळे बघतात. तिथल्या चैत्यगृहाचे काही खांब यवनांनी दिलेले आहेत, तसं ब्राह्मीत खांबांवर कोरलंय. धेनुकाकट गावचा अमुक यवन, त्याचं हे दान. आणि नावं बघावीत तर धम्म, सिहधय अशी, आपल्या वळणाची. ग्रीकांकडचं एकही नाव ओळखू येत नाही. धेनुकाकट नेमकं कुठे यावर विद्वान भांडत असतात, पण त्या माणसांनी स्वतःची ओळख सांगताना गाव लिहिलं ते इथलं. किती वर्षं सलग राहिलात, मधे समुद्रापार गेला होतात का, असं त्यांना कोणी विचारल्याचं कोरलेलं नाही.

दोन हजार वर्षांनी मात्र विचारायला लागले. व्हेरिअर एल्विन १९२७ मधे पुण्यात आले, ख्रिस्त सेवा संघात. गांधीजींच्या नादाने काँग्रेसच्या बाजूला झुकले, मग शामराव हिवाळे यांच्याबरोबर मंडल्याच्या बाजूला गोंडांमधे जाऊन राहिले. १९३२ ला इंग्लंडला गेले आणि तिकडून परतायची वेळ आली तेव्हा सरकारने पासपोर्ट अडवला. राजकारणात पडणार नाही, गोंडांच्या कामापुरतंच राहीन, असं लिहून दिल्यावर परत येऊ दिलं. इंग्रज माणसाला इंग्रजांच्या राज्यात! त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं १९५४ ला.

आपला १९५५ चा कायदा तर रहिवासाच्या बाबतीत अमेरिकेहून कडक निघाला. अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने भारतात सलग काढलेले पाहिजेत. त्याआधीच्या सात वर्षांत मिळून चार वर्षं. १९८६ च्या दुरुस्तीने बारांत नऊ झाली, २००३ च्या दुरुस्तीने चौदांत अकरा. (२०१९ ला काही देशांतून आलेल्या काही धर्मांच्या लोकांसाठी अकराची पाच केली, तो वाद तुम्हाला माहीत आहेच.) त्या बारा महिन्यांत फट चालत नव्हती. विशेष कारण असेल तर तीस दिवसांपर्यंत सूट देता येईल, अशी तरतूद झाली ती २०१५ ला. म्हणजे साठ वर्षं आपण १८१३ च्या अमेरिकेत होतो, बारा महिन्यांपुरते का होईना.

आणखी एक अट गोड आहे. घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा नीट यायला हवी. मराठी त्यात आहे. मॅक्सीन बर्नसन १९६६ पासून फलटणला राहिल्या, १९७८ ला भारतीय नागरिक झाल्या. परदेशी लोकांना मराठी शिकवायची पुस्तकं त्यांनी केली, त्यांची भाषेची परीक्षा घेणार कोण? गेल ऑमव्हेट मिनेसोटातून आल्या, सांगली जिल्ह्यात कासेगावला संसार केला, १९८३ ला नागरिक झाल्या. या दोघींबद्दल वाचताना त्यांच्या कामाबद्दल पानंच्या पानं सापडतात. पण त्यांच्याही मागे अमेरिकेत कोणाची तरी आई असणार. तिकडून निरोप आला तेव्हा त्या गेल्या की राहिल्या, हे कोणी लिहीत नाही. कदाचित विचारलंही नसेल.

अदनान सामीचं अलीकडचं. मुंबईत राहता राहता २०१५ मधे त्याचा पाकिस्तानी पासपोर्ट संपला, पाकिस्तानने नवा दिला नाही. १ जानेवारी २०१६ ला भारतीय नागरिकत्व मिळेपर्यंत त्याच्याकडे कुठलाच पासपोर्ट नव्हता. त्याला निदान वकील परवडत होते.

आईला हे सगळं तुकड्या-तुकड्याने सांगितलं. ती वॉकर धरून अंगणात वीस पावलं टाकते तेव्हा तिला काहीतरी ऐकायला लागतं, नाहीतर मधेच बसते. खलाशांची गोष्ट तिला आवडली. गोखल्यांबद्दल म्हणाली, “सुटले ना बिचारे.” मग स्वतःचीच गोष्ट काढली. तिचं माहेर धरणात गेलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं तेव्हा ती परकरी पोर होती. पुढे बदली जमिनीसाठी आजोबा कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. तिथल्या एका साहेबाने त्यांच्याकडे जुन्या गावात राहत असल्याचा चालू तारखेचा दाखला मागितला. आजोबांनी खिडकीतून धरणाकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाला, ते बरोबर आहे, पण कागद लागेल. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलीय आणि दर वेळी मामा यावर हसून लोळायचा. या वेळी आम्ही दोघंही हसलो नाही.

आता मे आहे, पाणी बरंच उतरलंय. वाघेश्वराचं देऊळ वर आलंय. वर्षातला बराच काळ ते धरणाच्या पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात चार दगड दिसायला लागले की माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात. काल मामाबरोबर जाऊन आलो. गाभाऱ्यात गाळ, भिंतींवर शेवाळ वाळून पांढरं पडलेलं. मामाने फूल वाहिलं. देव इथे सलग राहतो की नाही हा प्रश्न त्याला पडलेला दिसला नाही.

माझा तक्ता मात्र तयार आहे. त्या अर्जात गेल्या पाच वर्षांत चोवीस तासांच्या वर बाहेर काढलेल्या सगळ्या फेऱ्या लिहाव्या लागतात. गेलो, आलो, दिवस. बाबांच्या वर्षश्राद्धाला ११ दिवस. भाचीच्या लग्नाला १६. बाबा गेले तेव्हाची ओळ तक्त्यात नाही, कारण तेव्हा माझं ग्रीनकार्ड शेवटच्या टप्प्यात होतं, देशाबाहेर पडायची परवानगी हातात नव्हती आणि मी गेलो नव्हतो. अंत्यविधी व्हिडिओवर बघितला, पहाटे तीनला, एडिसनच्या स्वयंपाकघरात. त्या वेळी मला आकडे पाठ नव्हते, आता आहेत.

शेवटच्या ओळीत ‘गेलो’ खाली ९ जानेवारीची आहे. (आईच्या हिशेबात ते ‘आलो’ आहे, पण अर्ज तिचा नाही.) ‘आलो’ हा रकाना रिकामा. ताई म्हणते मी आहे, तू जा. सहा महिने उलटले तरी सगळं संपत नाही हेही मला कळतं. बायको आणि मुलगी तिथे आहेत, घराचे हप्ते तिथे जातात, रात्री मी काम करतो ते तिथल्याच पगारावर. कागद लावता येतील. ऐकून घेणारा बरा भेटला तर मान्यही होईल. पंडितांसारखं सगळं मांडता येईल.

४ जुलैचं तिकीट बघून ठेवलंय. तो १७६ वा दिवस. पैसे अजून भरले नाहीत. आईची पुढची तपासणी २३ जूनला आहे, तोवर वॉकर सुटेल असं डॉक्टर म्हणतात. सकाळी तिने विचारलं, “तिकीट कधीचं काढलंस रे?” म्हटलं, बघतोय. तर म्हणाली, “आंबे संपल्यावरचं काढ.”

ता. क. वाघेश्वराचे फोटो काढलेत, पण इथल्या रेंजवर चढत नाहीत. कामशेतला गेलो की टाकतो. आणि गोखल्यांबद्दल कोणाकडे काही माहिती, एखादा फोटो, घरातली आठवण असेल तर जरूर कळवा.